गंधकाचा हिशेब आहे, नायट्रोजनचा कुठे आहे?

विदर्भात तेलशुद्धीकरण आणि पेट्रोकेमिकल संकुल व्हावे, ही मागणी नागपूरला नवी नाही. विदर्भ इकॉनॉमिक डेव्हलपमेंट कौन्सिल, म्हणजे ‘वेद’, ती अनेक वर्षांपासून लावून धरत आहे. कोकणात आधी नाणार आणि मग बारसू येथे रत्नागिरी रिफायनरीला विरोध झाला. २०१९ मध्ये नाणारच्या भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली, एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणावरून आंदोलन पेटले. कोकणाला प्रकल्प नको असेल तर तो किंवा त्याचा एखादा भाग विदर्भाला द्या, हा सूर त्यानंतर नागपुरात अधिक मोठा झाला.

या मागणीवर होणारी चर्चा ठरलेल्या मुद्द्यांभोवती फिरते. समुद्र नसताना कच्चे तेल येणार कसे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. सागर जिल्ह्यातील बीना रिफायनरीला गुजरातच्या वाडीनार बंदरातून नऊशे किलोमीटरहून लांब वाहिनीने तेल येते. दुसरा प्रश्न पाण्याचा, तिसरा रोजगाराचा. चौथा प्रदूषणाचा. तो निघाला की बोलणे गंधकावर येते आणि तिथेच थांबते. तेलात आणखी एक घटक असतो, जो रिफायनरीची क्षमता, तिचा खर्च आणि तिच्या धुराड्यातून काय बाहेर पडणार हे बऱ्याच अंशी ठरवतो. तो म्हणजे नायट्रोजन. संकुल कुठेही आणि कधीही झाले, तरी त्या तेलातल्या, विशेषतः जड तेलातल्या, नायट्रोजनचे मोजमाप कोण करणार आणि ते लोकांना दिसणार का, हा प्रश्न आताच विचारायला हवा.

नियम काय म्हणतात?

गंधकाच्या बाबतीत देशाने मोठा पल्ला गाठला आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन लागू झाले. त्याआधीच्या बीएस-४ डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ५० पीपीएम होती, ती १० वर आली. १० पीपीएम म्हणजे एक टन डिझेलमध्ये फार तर दहा ग्रॅम गंधक. त्याच वर्षी १ जानेवारीपासून जगभरच्या जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणण्यात आली. रिफायनरी स्वतःच्या भट्ट्यांमध्ये जे द्रव इंधन जाळते, त्यातील गंधकालाही २००८ च्या नियमांनी मर्यादा घातली आहे : जुन्या प्रकल्पांना एक टक्का, नव्यांना अर्धा टक्का.

नायट्रोजनसाठी अशी मर्यादा कुठेच नाही. पेट्रोल, डिझेल, भट्टीचे तेल म्हणजे फर्नेस ऑइल, डांबर यांच्या भारतीय मानकांत नायट्रोजनची कमाल पातळी दिलेली नाही. मर्यादा आहे ती धुराड्याच्या तोंडाशी. द्रव इंधन जाळणाऱ्या नव्या रिफायनरी भट्टीतून नायट्रोजन ऑक्साइड दर घनमीटरला ३५० मिलिग्रॅमच्या आत असावेत, असे तेच २००८ चे नियम सांगतात.

यामागे एक तर्क आहे. तेलातले गंधक जळले की जवळजवळ सगळेच सल्फर डायऑक्साइड होऊन बाहेर पडते. त्यामुळे तेलातले गंधक मोजले की धुरातले कळते. नायट्रोजनचे तसे नाही. तेलातल्या नायट्रोजनपैकी काहीच भाग ऑक्साइड होतो, उरलेला निरुपद्रवी वायू होऊन निघून जातो. शिवाय ज्योत फार तापली की हवेतला नायट्रोजनही ऑक्साइड बनतो. म्हणून नियमकर्त्यांनी उगमाऐवजी टोकाला मोजायचे ठरवले. पण धुराड्यावरचा आकडा जे घडून गेले तेच सांगतो. उद्या येणारे तेल कसे आहे, त्यासाठी यंत्रणा पुरेशी आहे का, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

प्राचीन हिरवाईचा अवशेष

कच्च्या तेलात नायट्रोजन आला कुठून, याचे उत्तर १९३० च्या दशकात मिळाले. आल्फ्रेड ट्रायब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला तेलात पॉर्फिरिन जातीची संयुगे सापडली. मध्यभागी धातूचा अणू आणि त्याला चारही बाजूंनी धरून ठेवणारे चार नायट्रोजन, अशी त्यांची रचना असते. पानातल्या हरितद्रव्याची रचना अशीच असते. खनिज तेल प्राचीन सजीवांपासून बनले, याचा तो ठोस पुरावा ठरला. हरितद्रव्यातल्या मॅग्नेशियमची जागा लक्षावधी वर्षांत निकेल आणि व्हॅनेडियमने घेतली, नायट्रोजन मात्र तिथेच राहिला.

कच्च्या तेलात नायट्रोजन साधारणपणे अर्ध्या टक्क्याच्या खालीच असतो. अपवाद आहेत. कॅलिफोर्नियातील जड तेल त्यासाठी प्रसिद्ध आहे. गंधक कमी म्हणजे नायट्रोजनही कमी, असेही नाही. चीनमधील काही तेलांत गंधक थोडे आणि नायट्रोजन जास्त असा उलटा प्रकार दिसतो. त्यामुळे ‘गोडे तेल’, म्हणजे कमी गंधकाचे तेल, हा शब्द ऐकून निश्चिंत होणे बरोबर नाही.

महत्त्वाचे आहे ते या नायट्रोजनचे वाटप. कच्चे तेल तापवून वेगवेगळ्या उकळबिंदूंचे भाग वेगळे केले जातात. वरून पेट्रोलचा हलका भाग, मग केरोसीन, मग डिझेल, त्याखाली निर्वात मनोऱ्यातून निघणारे जड गॅस ऑइल आणि अगदी तळाशी उरतो तो काळा, चिकट अवशेष. नायट्रोजन वर फारसा चढत नाही, तळाकडेच साचतो. पेट्रोलच्या भागात तो नगण्य असतो. जड गॅस ऑइलमध्ये हजार-दोन हजार पीपीएम सहज असतो आणि तळाच्या अवशेषात त्याच्याही कित्येक पट. डांबर, भट्टीचे तेल आणि पेटकोक तयार होतात ते याच अवशेषातून.

रसायनशास्त्रज्ञ या संयुगांचे दोन गट पाडतात. पिरिडीन, क्विनोलिन, अ‍ॅक्रिडीन ही अल्कधर्मी, म्हणजे आम्लाला चटकन चिकटणारी. इंडोल, कार्बाझोल ही उदासीन. एकूण नायट्रोजनपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भाग अल्कधर्मी असतो. प्रमाण लहान असले तरी रिफायनरीत सर्वांत जास्त त्रास हाच भाग देतो.

उत्प्रेरकाचा शत्रू

जड तेल तसेच विकले तर पैसे कमी मिळतात. ते फोडून पेट्रोल, डिझेल आणि पेट्रोकेमिकलसाठी लागणारे कच्चे पदार्थ मिळवायचे, हीच आधुनिक रिफायनरीची खरी कमाई. हे फोडण्याचे काम झिओलाइट नावाचे उत्प्रेरक करतात. त्यांच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी जागा असतात, तिथे मोठे रेणू तुटतात. अल्कधर्मी नायट्रोजन नेमका त्याच जागी जाऊन बसतो आणि त्या जागा निकामी होतात. तेल कमी फुटते, उत्पन्न घसरते. जो नायट्रोजन उत्प्रेरकावर कोकच्या थरात अडकतो, तो पुढे उत्प्रेरक स्वच्छ करण्याच्या भट्टीत जळतो आणि त्यातला काही भाग नायट्रोजन ऑक्साइड होऊन धुराड्यातून बाहेर पडतो.

दुसरा मार्ग हायड्रोक्रॅकरचा. तिथे दाबाखाली हायड्रोजन देऊन तेल फोडतात. पण त्याआधी नायट्रोजन हजारावरून काही दशकांवर, म्हणजे साधारण १० ते ५० पीपीएमपर्यंत, उतरवावा लागतो. गंधक काढण्यापेक्षा हे काम अवघड आहे. नायट्रोजन कड्यांच्या रचनेत घट्ट बसलेला असतो. आधी ते कडे हायड्रोजनने पुरते भरावे लागते, मगच बंध तुटतो. त्यासाठी दाब जास्त, हायड्रोजनही जास्त. हा हायड्रोजन बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून बनतो आणि एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे तेलात नायट्रोजन वाढला की प्रकल्पाचे कार्बन उत्सर्जनही वाढते.

याहून कमी माहीत असलेली बाब अशी की डिझेलमधले शेवटचे गंधक काढण्याच्या कामातही नायट्रोजन आडवा येतो. गंधकाची सर्वांत हट्टी संयुगे आणि नायट्रोजनची संयुगे उत्प्रेरकाच्या त्याच जागांसाठी भांडतात आणि नायट्रोजन वरचढ ठरतो. बीएस-६ चे १० पीपीएम गंधक गाठायचे तर नायट्रोजनकडे लक्ष ठेवावेच लागते, भले मानकात त्याचा उल्लेख नसो.

काढलेला नायट्रोजन अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. हायड्रोजन सल्फाइडबरोबर त्याचे क्षार बनतात. ते थंड भागातल्या नळ्यांमध्ये साचतात आणि धातू खातात. नळी गळाली तर आत दाबाखालचा हायड्रोजन असतो. म्हणून येणाऱ्या तेलात नायट्रोजन किती, हा आकडा कामगारांच्या सुरक्षिततेचाही आहे.

मोजतात कसे?

नायट्रोजन मोजण्याची सर्वांत जुनी ओळखीची पद्धत केल्डाल यांची. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी ती १८८३ मध्ये मांडली, ती धान्यातल्या प्रथिनांसाठी. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, नायट्रोजन अमोनियम सल्फेटच्या रूपात आणायचा, मग अल्क टाकून अमोनिया बाहेर काढायचा आणि मोजायचा. दुधातली प्रथिने आजही अशीच तपासली जातात. पण जड तेलात ती लंगडी पडते. कड्यात अडकलेला नायट्रोजन आम्लाला सहज दाद देत नाही, वेळ फार जातो आणि प्रमाण अगदी कमी असले तर आकड्यावर विसंबता येत नाही.

आज रिफायनरीच्या प्रयोगशाळेत जी पद्धत चालते ती प्रकाशावर आधारलेली आहे. नमुना ऑक्सिजनमध्ये सुमारे एक हजार अंश सेल्सिअसला जाळतात. त्यातला नायट्रोजन नायट्रिक ऑक्साइड बनतो. पाण्याची वाफ काढून टाकून तो ओझोनमध्ये मिसळतात. या दोघांच्या संयोगातून उत्तेजित नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि तो मूळ स्थितीत येताना मंद तांबूस प्रकाश सोडतो. एक संवेदनशील नळी तो प्रकाश मोजते. प्रकाश जितका, नायट्रोजन तितका. हलक्या तेलात एक पीपीएमच्याही खालचे प्रमाण यातून कळते.

नागपूरकरांना ही पद्धत परकी नाही. शहराच्या हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड मोजणारी सिव्हिल लाइन्ससारख्या ठिकाणची स्वयंचलित केंद्रे याच प्रकाशावर चालतात. फरक इतकाच की तिथे जाळण्याची गरज नसते. हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड आधी नायट्रिक ऑक्साइडमध्ये बदलला की पुढची पायरी तीच. तेलाच्या टाकीतला आणि शहराच्या हवेतला नायट्रोजन एकाच मापाने मोजता येतो. तरी एक आकडा कंपनीच्या वहीत राहतो आणि दुसरा संकेतस्थळावर झळकतो.

एकूण नायट्रोजन कळला म्हणून काम संपत नाही. उत्प्रेरकाला मारणारा भाग किती, हे वेगळे पाहावे लागते. त्यासाठी तेल अ‍ॅसेटिक आम्लाच्या द्रावणात घेऊन त्यात पर्क्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने टाकतात. अल्कधर्मी नायट्रोजन ते आम्ल पिऊन टाकतो. किती आम्ल लागले यावरून त्याचे प्रमाण निघते. काचेची नळी आणि साधे विद्युतमापक असले तरी भागते.

आणखी खोल जायचे, म्हणजे नेमकी कोणती संयुगे आहेत हे शोधायचे, तर प्रचंड चुंबकीय क्षेत्र वापरणारे वस्तुमान वर्णपटमापक लागतात. अमेरिकेत फ्लोरिडातील टॅलाहासी येथील राष्ट्रीय चुंबकीय प्रयोगशाळेत अ‍ॅलन मार्शल यांच्या गटाने या यंत्राने जड तेलातले हजारो वेगवेगळे रेणू ओळखले. या शाखेला ‘पेट्रोलिओमिक्स’ असे नाव मिळाले. रोजच्या कामाला एवढे लागत नाही, पण नवा उत्प्रेरक निवडताना किंवा अनोळखी तेल घेताना ते उपयोगी पडते.

आकडा चुकतो कुठे?

यंत्र अचूक असले तरी जड तेल सरळ वागत नाही. ते डांबरासारखे घट्ट असते, पिचकारीने आत सोडता येत नाही. म्हणून ते टोल्युइनसारख्या द्रावकात पातळ करून क्वार्ट्झच्या छोट्या होडीत घालतात आणि ती होडी हळूहळू भट्टीत सरकवतात. घाई केली तर तेल पुरते न जळता काजळी होते, नायट्रोजन काजळीतच राहतो आणि आकडा कमी येतो. द्रावक चुकीचा निवडला, समजा हेप्टेन घेतला, तर तेलातले अ‍ॅस्फाल्टीन नावाचे जड घटक साखा धरून तळाशी बसतात. नायट्रोजनचा मोठा वाटा त्यांच्यातच असल्यामुळे वरच्या स्वच्छ दिसणाऱ्या द्रावणाची तपासणी फसवी ठरते.

टाकीचेही तसेच. वरचा, मधला आणि तळाचा नमुना वेगळा असू शकतो. नमुना नीट तापवून ढवळला नाही, तर एकाच टाकीचे दोन अहवाल जुळत नाहीत. म्हणून नुसता आकडा पुरेसा नसतो. तो कोणत्या पद्धतीने काढला, नमुना कुठून घेतला, प्रयोगशाळेला मान्यता आहे का आणि तीच तपासणी पुन्हा केली तर किती फरक पडतो, हे सोबत असले तरच त्याला अर्थ असतो.

श्वासापर्यंतचा प्रवास

भट्टीत किंवा बॉयलरमध्ये जड तेल जाळले की त्यातला नायट्रोजन धुरात किती उतरतो? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार अशा जळणातून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडपैकी निम्मा भाग इंधनातल्या नायट्रोजनमुळे असू शकतो. त्याच मार्गदर्शिकेत औद्योगिक बॉयलरसाठी एक सूत्र आहे. ते वापरले तर तेलातला नायट्रोजन ०.१ टक्क्यावरून ०.४ टक्क्यावर गेल्यास उत्सर्जन जवळपास दुप्पट होते. बॉयलर तोच, धुराडे तेच, फक्त तेल बदललेले.

नागपूरला याचे कोळशातले रूप परिचित आहे. कोराडी आणि खापरखेडा येथे जळणाऱ्या कोळशातही नायट्रोजन असतो आणि तिथल्या नायट्रोजन ऑक्साइडमध्येही इंधनाचा वाटा मोठा असतो. कोळशावरील वीज केंद्रांना नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा पहिल्यांदा डिसेंबर २०१५ मध्ये लागू झाली आणि २००३ ते २०१६ या काळात उभारलेल्या संचांसाठी ती नंतर ३०० वरून ४५० मिलिग्रॅमपर्यंत सैल करण्यात आली. ज्या शहराच्या आसपास हा भार आधीच आहे, तिथे नव्या उद्योगाचा वाटा वेगळा आणि स्पष्ट मोजला जाणे गरजेचे आहे.

नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेला दाह करतो. दमा असलेल्यांना, लहान मुलांना आणि वृद्धांना त्याचा त्रास आधी होतो. विदर्भातल्या कडक उन्हात तो इतर वाफांबरोबर जमिनीलगतचा ओझोन बनवतो. हिवाळ्यात हवेतल्या अमोनियाशी मिळून त्याचे नायट्रेटचे सूक्ष्म कण होतात आणि ते पीएम २.५ च्या मोजणीत धरले जातात. भारतात नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आत असावी, असे २००९ चे मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आधी ४० चीच होती. २०२१ मध्ये संघटनेने ती १० वर आणली, कारण कमी पातळीवरही अपाय होतो, असे पुरावे जमले.

दुसरा धोका या संयुगांच्या थेट संपर्काचा आहे. क्विनोलिन आणि कार्बाझोल यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘२बी’ गटात, म्हणजे माणसात कर्करोगाचे कारण असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवले आहे. रस्ते बांधताना डांबराच्या वाफांशी येणारा संपर्कही याच गटात आहे. या वाफांत फक्त नायट्रोजनची संयुगे नसतात, पण ती असतात. कर्करोग होईलच असा याचा अर्थ नाही. तापलेल्या डांबराजवळ दिवसभर उभे राहणाऱ्या मजुराला संरक्षण हवे, एवढा अर्थ मात्र नक्की आहे. नागपूरजवळ मनसर येथे डिसेंबर २०२४ मध्ये जैव-डांबर वापरलेल्या राष्ट्रीय महामार्गाच्या तुकड्याचे उद्घाटन झाले. तेलाच्या अवशेषातला काही भाग वनस्पतीतल्या लिग्निनने बदलण्याचा हा प्रयोग आहे. अशा नव्या मिश्रणाचा टिकाऊपणा तपासताना त्याच्या वाफांत काय आहे हेही तपासले, तर मजुरांच्या दृष्टीने त्याची खरी तुलना होईल.

मथुरेचा अनुभव, नागपूरचे बळ

रिफायनरीच्या प्रदूषणाची देशातली सर्वांत गाजलेली मोजणी नागपूरच्या संस्थेने केली, हे अनेकांना आठवत नसेल. १९५८ मध्ये नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये तिचे नाव ‘नीरी’ झाले. मथुरा रिफायनरी १९८२ मध्ये सुरू झाली आणि ताजमहालाच्या संगमरवरावर तिचा काय परिणाम होतो, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने नीरीच्या अहवालांचा आधार घेतला. परिसरातल्या २९२ उद्योगांना नैसर्गिक वायू वापरा किंवा दुसरीकडे जा, असे सांगितले गेले. त्या वादात लक्ष होते ते सल्फर डायऑक्साइडवर आणि ते योग्यच होते. रिफायनरीला सुचवलेल्या उपायांत हायड्रोक्रॅकरही होता. हायड्रोक्रॅकर चालवायचा तर नायट्रोजन आधी मोजावा आणि उतरवावा लागतो. म्हणजे गंधकासाठी आणलेल्या उपायाचे यशही नायट्रोजनच्या मोजणीवर उभे असते.

नागपूरकडे दुसरेही बळ आहे. रायबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे ‘एलआयटी’, आता विद्यापीठ झाली आहे. तिथे पेट्रोलियम शुद्धीकरण आणि पेट्रोकेमिकल तंत्रज्ञान शिकवले जाते. हवा मोजणारी संस्था आणि तेल शिकवणारी संस्था एकाच शहरात असणे देशात फार ठिकाणी नाही. संकुलाची मागणी करताना जमीन, पाणी आणि सवलती यांच्याबरोबर हे बळही मांडायला हवे.

हिशेब कसा मागावा?

समजा वर्षाला ६० लाख टन तेल शुद्ध करणारा प्रकल्प आहे आणि तेलात ०.१ टक्का नायट्रोजन आहे. साध्या गुणाकाराने वर्षाला सहा हजार टन नायट्रोजन आत येतो. तेल बदलले आणि प्रमाण ०.२ टक्के झाले तर बारा हजार टन. तो काही अमोनिया होऊन पाण्यात जाईल, काही धुराड्यातून, काही डांबरात, पेटकोकमध्ये आणि भट्टीच्या तेलात. आत आलेला आणि बाहेर गेलेला नायट्रोजन जुळला पाहिजे. न जुळणारा भाग कुठे गेला, याचे उत्तर कुणीतरी दिले पाहिजे.

तेल बदलणे ही काल्पनिक गोष्ट नाही. २०२२ च्या आधी भारताच्या कच्च्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता. युक्रेन युद्धानंतर, २०२३ मध्ये तो एक तृतीयांशाच्या पुढे गेला. स्वस्त तेल घेणे देशाच्या हिताचे होते, पण एका प्रकारच्या तेलावर बेतलेली यंत्रणा दुसऱ्या तेलावर चालवताना प्रत्येक खेपेची तपासणी महत्त्वाची ठरते. पर्यावरण मंजुरीच्या वेळी गृहीत धरलेले तेल आणि दहा वर्षांनी प्रत्यक्ष येणारे तेल वेगळे असू शकते.

रिफायनरीला २००६ च्या अधिसूचनेनुसार केंद्राची पर्यावरण मंजुरी आणि जनसुनावणी लागते. विदर्भात तशी वेळ आली, तर सुनावणीत विचारण्याजोगे प्रश्न साधे आहेत. प्रकल्पाने कोणकोणती तेले गृहीत धरली आहेत आणि त्यातल्या सर्वांत वाईट तेलात एकूण व अल्कधर्मी नायट्रोजन किती आहे? जड भागातला नायट्रोजन कोणत्या पद्धतीने आणि किती वेळा मोजला जाणार? तेल बदलले तर मंजुरीतले अंदाज पुन्हा काढले जाणार का? आणि हे आकडे धुराड्यावरच्या आकड्यांसोबत जाहीर होणार का? यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. मंजुरीच्या अटींमध्ये चार ओळी पुरतात आणि मोजणारी यंत्रे रिफायनरीच्या प्रयोगशाळेत तशीही असतातच.

गंधकाचा आकडा सार्वजनिक झाला, मानकात आला, तेव्हाच तो पन्नासवरून दहावर उतरला. नायट्रोजनचा आकडा अजून कंपनीच्या दप्तरात आहे. विदर्भाला प्रकल्प हवा असेल, तर त्याबरोबर तो आकडा पाहण्याचा हक्कही मागून घ्यावा.